हिरवा ठिपका आणि पुडक्यातलं लपलेलं दूध

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आणखी कोणी वाचलं तर त्यालाही धागा लागेल. सहा महिन्यांपूर्वी तू दूध, दही, तूप सगळं सोडलंस. गावातल्या किराणा दुकानातून हिरवा ठिपका पाहून बिस्किटं, टोस्ट, चिप्स घेत होतीस. परवा कॉलेजातल्या मैत्रिणीने तोच पुडा उलटा करून दाखवला, तर आत दुधाची पावडर. तेव्हापासून तुला चैन नाही. पुडक्यावर नेमकं काय वाचायचं, ‘लॅक्ट’ने सुरू होणारं सगळंच दुधाचं का, बेकरीतल्या सुट्या मालाचं काय करायचं, आणि "एवढ्याशा पावडरीनं काय होते माय?" म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं, असे तुझे चार प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षं बुटीबोरीच्या एमआयडीसीत बिस्किटं आणि फरसाणाच्या कारखान्यात माल तपासण्याचं काम केलं. आता आर्वीकडे राहते आणि बचत गटांच्या बायकांना त्यांच्या मसाल्यांची, पापडांची, शेवेची लेबलं करून देते. म्हणजे पुडक्यावरचे शब्द कुठून येतात आणि कुठे गळतात, ते मी आतून पाहिलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगते.

तुला कोणी फसवलं नाही आणि तू बेफिकीरही नव्हतीस. हिरवा ठिपका तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा गोल एवढंच सांगतो की यात मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग नाही. एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या मालाचे नियम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ स्पष्टपणे वगळले आहेत. मध, मधमाश्यांचं मेण आणि लाखही वगळली आहे. आपल्याकडे गळ्यात माळ असलेला माणूस दूध पितो, उपासाला दूध चालतं, देवाला पंचामृत लागतं. त्यामुळे शाकाहारात दूध धरलेलं असणार हे ओघानंच आलं. निव्वळ खव्याचा पेढा असला तरी त्याच्या खोक्यावर हिरवा ठिपकाच असतो. तेव्हा तुझ्यासाठी तो ठिपका म्हणजे पहिली चाळणी. ती बारीक चाळणी नाही.

तुझ्यासाठी वेगळी खूण आहे. वीगन, म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नसलेल्या, पदार्थांचे नियम एफएसएसएआयने 2022 साली अधिसूचित केले आणि त्यांची खूण ठरवली: हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही, त्याला वर छोटं रोप फुटलेलं आणि खाली वीगन हा शब्द. ही खूण लावायची तर घटकांत, मिसळद्रव्यांत (रंग, टिकवायचे पदार्थ वगैरे), वासाच्या अर्कात, एवढंच काय, प्रक्रियेत वापरलेल्या साहाय्यक पदार्थांतही प्राणिजन्य काही चालत नाही. खूण दिसली तर निश्चिंत घे. पण खरं सांगते, आपल्या गावातल्या दुकानात ती तुला महिन्यातून एखाद्या पुड्यावर दिसली तरी खूप. नागपूरच्या मोठ्या दुकानांत दिसते. आणि खूण नाही म्हणजे दूध आहे असंही नसतं. साधे खारे शेंगदाणे, पोहे, शेवया, तिखट, हळद यांवर कोणी ती लावत बसत नाही. म्हणून वाचायला शिकल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता वाचायचं कसं. बहुतेक लोक घटकांची यादी वरून खाली वाचायला घेतात, तिसऱ्या ओळीत डोळे दुखतात आणि पुडा पिशवीत जातो. मी उलटं करायला सांगते. यादीच्या शेवटी जा. तिथे, बहुधा जाड अक्षरात, ‘कंटेन्स’ असं लिहून पुढे दोन-चार नावं दिलेली असतात. ज्या पदार्थांनी लोकांना ॲलर्जी होते ते वेगळे सांगणं कायद्याने बंधनकारक आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, दूध, आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट. त्या ओळीत ‘मिल्क’ हा शब्द असेल तर तुझं काम तिथेच झालं. वरची यादी वाचायची गरज नाही, पुडा परत ठेव. पाच सेकंदांचं काम आहे. ॲलर्जीच्या लेकरांसाठी केलेला हा नियम आहे, पण आजच्या घडीला वीगन माणसाच्या हातातलं सगळ्यात धारदार शस्त्र हेच आहे. कंपनीने दुधाला कोणत्याही नावाने हाक मारली असो, इथे तिला ‘दूध’ म्हणावंच लागतं.

एक अडचण मात्र आहे. पुडक्यावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की कायद्याची पूर्तता होते, मराठीची सक्ती नाही. त्यामुळे तुझ्या आईला ही ओळ बहुधा इंग्रजीतूनच शोधावी लागेल. तिला पूर्ण वाचायला लावू नको. ‘मिल्क’ची चार अक्षरं, एम, आय, एल, के, कॅलेंडरच्या मागे मोठी लिहून दे आणि तेवढंच चित्रासारखं ओळखायला शिकव. आमच्या गटातली सातवी शिकलेली बाई आज माझ्याआधी ती ओळ शोधते. फक्त ‘माल्ट’ आणि ‘मिल्क’ची गल्लत होते, घाईत दोन्ही सारखे दिसतात. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक जव. ते तुला चालतं. पण ‘माल्टेड मिल्क’ लिहिलं असेल तर नाही.

‘कंटेन्स’ची ओळ नसेल किंवा पुसट असेल, तेव्हा घटकांची यादी वाचावीच लागते. त्यासाठी दूध फाडल्यावर काय होतं ते आठव. घरी पनीर करताना लिंबू पिळलं की एकीकडे पांढरा गोळा जमतो आणि दुसरीकडे हिरवट-पिवळं पाणी उरतं. पांढऱ्या गोळ्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के तेच असतं. उरलेलं पाणी म्हणजे व्हे. त्यात बाकीची प्रथिनं आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, उतरते. आणि वर तरंगणाऱ्या सायीतून लोणी, तूप. दुधातून निघणारं सगळं या चार घरांतलं आहे: केसिन, व्हे, लॅक्टोज, स्निग्धांश. पुडक्यावरचा प्रत्येक अवघड शब्द यांपैकी कोणत्या घरचा आहे ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

केसिनच्या घरचे शब्द म्हणजे केसिन, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट. तेल आणि पाणी एकजीव ठेवायला याच्यासारखं दुसरं सोपं काही नाही, म्हणून कॉफीच्या पांढऱ्या पावडरीत आणि केकवरच्या क्रीममध्ये ते हमखास असतं. व्हेच्या घरचे व्हे पावडर, व्हे परमिएट, डिमिनरलाइज्ड व्हे, लॅक्टअल्ब्युमिन. हा शब्द उच्चारायला ‘व्हे’ असला तरी लिहिताना डब्ल्यू, एच, ई, वाय असा असतो, म्हणून तो कानाला ओळखीचा असूनही डोळ्यांना सापडत नाही. पनीर आणि चीजच्या कारखान्यांतून व्हे ढिगाने निघतं, स्वस्त पडतं, बिस्किटाला भाजताना छान रंग आणतं. म्हणून बिस्किटवाल्यांचं ते लाडकं. लॅक्टोज साखरेइतकं गोड नसतं, पाव हिश्शानेही नाही. त्यामुळे तिखट-मीठ मसाल्यात भर म्हणून टाकलं तरी चव बिघडत नाही. चिप्सच्या मसाल्यात ते यासाठीच येतं. आणि स्निग्धांशाच्या घरचे बटर, घी, बटर ऑइल, मिल्क फॅट, क्रीम पावडर. गडद चॉकलेट दुधाशिवायचं असेल असं समजून लोक घेतात, त्यात बटर ऑइल असू शकतं, यादी पाहूनच घे. याशिवाय ‘मिल्क सॉलिड्स’ हा एक मोठा छत्रीशब्द आहे, त्याखाली यातलं काहीही बसतं. स्किम्ड मिल्क पावडर, कर्ड पावडर, बटरमिल्क पावडर, चीज पावडर, खोया, छेना हे तर तू ओळखशीलच.

लपण्याची खरी जागा मात्र यादीतला मसाला आहे. हे मला आमच्याच गटात कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. बायकांनी टोमॅटोच्या चवीचे मुरमुरे करायचं ठरवलं. तयार मसाल्याची पाच किलोची पिशवी ठोक बाजारातून आणली. मी घटक लिहिले: मुरमुरे, शेंगदाणा तेल, टोमॅटो सीझनिंग, मीठ. स्टिकर छापून आले, 400. दुसऱ्या दिवशी पॅकिंगला बसलो आणि एका बाईने विचारलं, "ताई, माह्या नातवाले दूध चालत नाही, आंगावर गांधी उठतात. हे त्याले देऊ ना?" मी हो म्हणणार होते. हो तोंडातून निघायच्या आत, जुन्या सवयीने, रिकामी झालेली पिशवी उलटी केली. मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, टोमॅटो पावडर, मिल्क सॉलिड्स. माझे हातपाय गार पडले. मुरमुऱ्यांत तो मसाला शंभराला चारच होता. आणि नियम असा आहे की एखादा तयार मिश्र घटक पूर्ण पदार्थाच्या 5 टक्क्यांहून कमी असेल तर, मिसळद्रव्यं सोडून, त्याच्या पोटातले घटक उलगडून लिहिण्याची सक्ती नाही. म्हणजे माझी यादी नियमाला धरून होती. चुकलं होतं ते वेगळंच: ॲलर्जीचा घटक मात्र मसाला कितीही कमी असला तरी सांगावाच लागतो, आणि ती ओळ मी टाकलीच नव्हती. ते 400 स्टिकर आम्ही चुलीत घातले आणि नवे छापले. तेव्हापासून कोणताही तयार मसाला आला की त्याच्या पिशवीचा फोटो आधी वहीत लागतो.

यातून तुझ्यासाठी दोन गोष्टी. यादीत ‘सीझनिंग’, ‘टेस्टमेकर’, ‘मसाला मिक्स’, ‘फ्लेवरिंग’ असं मोघम काही दिसलं की तिथे थांब आणि ‘कंटेन्स’ची ओळ पुन्हा पाहा. आणि गावातल्या छोट्या उत्पादकाचा माल असेल, ती ओळच नसेल, तर नसण्याचा अर्थ दूध नाही असा काढू नको. अनेकांना तो नियमच माहीत नसतो. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आहे का ते बघ, फोन नंबर असतो त्यावर फोन कर. गटाच्या बायका असतील तर आनंदाने सांगतील, कोणी एवढं विचारतंय याचंच त्यांना कौतुक वाटतं.

आता तुझा ‘लॅक्ट’चा प्रश्न. हा शब्द लॅटिनमधल्या दुधावरून आला आहे, पण सगळी भावंडं दुधाची राहिलेली नाहीत. लॅक्टोज, लॅक्टअल्ब्युमिन, लॅक्टिटॉल ही दुधाची. लॅक्टिक ॲसिड मात्र आज कारखान्यात साखर किंवा मक्यासारख्या पिकांचा स्टार्च आंबवून करतात. शेले नावाच्या शास्त्रज्ञाने 1780 साली ते पहिल्यांदा आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं म्हणून नाव चिकटलं, एवढंच. इडलीच्या पिठातही ते तयार होतं. मिसळद्रव्यांना ठरलेले क्रमांक असतात, पुडक्यावर ते 270 या क्रमांकाने येतं. सोडियम लॅक्टेट 325, कॅल्शियम लॅक्टेट 327 हे त्याचेच क्षार. पावात 481 दिसतो, त्याच्या लांबलचक नावात ‘लॅक्टिलेट’ आहे, तोही दुधाचा नाही. लॅक्टिटॉल 966, तो दुधाच्या साखरेपासूनच. 322 म्हणजे लेसिथिन, आपल्याकडे बहुतेक सोयाबीनचं, यादीत बाजूला सोया लिहिलेलंही असतं. 471 हे स्निग्ध पदार्थापासून केलेलं इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य आहे, बहुतेक वेळा पामसारख्या वनस्पती तेलाचं. तुला अगदी खातरी हवी असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला विचार, उत्तर येतं. 901 म्हणजे मधमाश्यांचं मेण आणि 904 म्हणजे लाख, हे दुधाचे नाहीत पण तू मधही सोडला असशील तर गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीसाठी हे दोन आकडे लक्षात ठेव.

असेच नावाने घाबरवणारे पण निर्दोष शब्द: कोको बटर हे कोकोच्या बियांचं तेल, पीनट बटर म्हणजे शेंगदाण्याचा लगदा, क्रीम ऑफ टार्टर हा द्राक्षाच्या रसातून मिळणारा क्षार, नारळाचं दूध तर तुला ठाऊकच आहे. आपल्या बेकरीत चहासोबत मिळणारं ‘बटर’, तो कडक गोल बन, त्यातही नावापुरतंसुद्धा लोणी नसतं असं मी कितीतरी भट्ट्यांवर पाहिलं आहे. तिथे वनस्पती तूप असतं.

उलट नावाने गाफील ठेवणारे शब्द जास्त वाईट, आणि माझा खरा राग यांच्यावर आहे. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरच्या यादीत सोडियम केसिनेट असतं. स्निग्धांश वनस्पतीचा आहे, एवढाच त्या नावाचा अर्थ. वाढदिवसाच्या केकवरचं क्रीमही बऱ्याचदा त्याच जातीचं. ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणजे बिनदुधाचं आइस्क्रीम असा समज मी शिकलेल्या लोकांत पाहिला आहे. त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं, पण मिल्क सॉलिड्स तसेच राहतात. ‘लॅक्टोज-फ्री’ दूध हे दूधच, फक्त त्यातली साखर फोडलेली असते, पोट बिघडणाऱ्यांसाठी. आणि ढाब्यावर स्वस्तात मिळणारं ‘ॲनालॉग’ पनीर, ज्याला लोक नकली म्हणतात, ते अनेकदा दुधाची पावडर आणि पाम तेल मिळून केलेलं असतं. नकली आहे म्हणून तुला चालेल असं नाही.

गावच्या दुकानाची खरी अडचण पाच रुपयांच्या पुडीत आहे. वेष्टनाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्यावर घटकांची यादी न छापण्याची सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर किंवा खोक्यावर द्यावी लागते. सुट्या टॉफ्या बरणीतून मिळतात, त्यांची यादी बरणीच्या लेबलवर. म्हणून पुडी हातात घेऊन डोळे ताणू नको, दुकानदाराला म्हण, "भाऊ, याचं खोकं दाखवता का?" पहिल्यांदा तो म्हणेल, "हिरवा ठिपका हाय ना ताई, अजून काय पाह्यजे?" त्याचं चुकत नाही, त्याला माहीतच नाही. शांतपणे सांग की मले दुधाची पावडर चालत नाही. दोन-तीनदा झालं की तो स्वतःच सांगायला लागतो. माझ्या गावचा दुकानदार आता नवा माल आला की आधी उलटा करून बघतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाच, पारदर्शक कागदावर पांढऱ्या अक्षरातली यादी असेल तर मागे हात धर, मग दिसते.

आणखी एक युक्ती, कारखान्यात आम्ही वापरायचो. पोषणमूल्यांच्या तक्त्यात कोलेस्टेरॉलची ओळ बघ. वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. हिरवा ठिपका असलेल्या बिस्किटावर समज 100 ग्रॅमला 4 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल लिहिलं असेल, तर अंडं नाही, मांस नाही, मग ते आलं कुठून? लोण्या-तुपातून किंवा दुधाच्या चरबीतून. पण शून्य लिहिलं म्हणून सुटका समजू नको. साय काढलेल्या पावडरीत आणि लॅक्टोजमध्ये चरबी नसल्यासारखीच असते. ही युक्ती पकडायला उपयोगी आहे, सोडायला नाही.

सुट्या मालाला लेबलच नाही, तिथे प्रश्नच लेबलचं काम करतात. आणि तिथे ‘यात दूध आहे का?’ हा प्रश्न फुकट जातो. बेकरीवाल्याच्या मनात दूध म्हणजे पातेल्यातलं दूध, तो खरेपणाने नाही म्हणतो. आमच्या बाजाराच्या गावातल्या एका भट्टीवर मी हे स्वतः करून पाहिलं. दूध आहे का? "नाही बाई, दूध कायले टाकतो, परवडते का?" पीठ मळताना पावडर टाकता का? "हाव, पावडर टाकतो ना थोडीशी. रंग चांगला येते." बघ, एका शब्दाचा फरक. म्हणून तीनच प्रश्न विचार: मोहन कशाचं, वनस्पतीचं की तुपाचं? पिठात पावडर पडते का? भट्टीतून काढताना किंवा घालण्याआधी वरून काय लावता? पावाला आणि बनला चकाकीसाठी दुधाचा किंवा लोण्याचा हात फिरवतात, तो तिसऱ्या प्रश्नाने कळतो. साध्या पावात बहुधा मैदा, यीस्ट, मीठ, साखर, तेल एवढंच असतं. टोस्ट आणि नानखटाई विचारल्याशिवाय घेऊ नको. सोनपापडी, बालूशाही, चिक्की यांचंही तसंच. वर्ध्याचा गोरस पाक तर नावातच सांगतो, तो गाईच्या तुपाचा. तयार पिठांमध्ये गुलाबजामचं पीठ म्हणजे दुधाची पावडरच, उपमा-ढोकळ्याच्या पिठांत तूप किंवा दह्याची पावडर असू शकते. वाळवणाच्या मिरच्या विकत घेतल्यास तर त्या ताकात भिजवलेल्या असू शकतात.

बाकी आपल्या घरच्या जेवणाची मला काळजी वाटत नाही. ज्वारीची भाकर, ठेचा, जवसाची चटणी, वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी, झुणका, तर्री-पोहे, यात दूध शोधून सापडणार नाही. पुड्यांची सवय कमी झाली की हे अर्धं डोकेदुखीचं कामच राहत नाही, आणि मी तर प्रत्येकाला आधी तेच सुचवते.

‘मे कंटेन मिल्क’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ या पदार्थात दूध टाकलेलं नाही, पण त्याच यंत्रांवर दुधाचा मालही निघतो, कण येऊ शकतो. ज्या लेकराला दुधाची ॲलर्जी आहे त्याने तो पुडा घ्यायचा नाही, तिथे तडजोड नाही. तुझं कारण वेगळं आहे. गाई-म्हशीच्या दुधासाठी तू पैसे देत नाहीस, मागणी वाढवत नाहीस. माझ्या मते तू असा पुडा घ्यायला हरकत नाही. कोणाचं मत वेगळं असेल, पण गावात राहून यावरही बंदी घातलीस तर दोन महिन्यांत दमशील.

आईचं म्हणणं मला कळतं. तिने तुला दूध पाजून वाढवलंय, तुझ्या अंगावर मांस नाही याची तिला काळजी. तिच्याशी पावडरीच्या ग्रॅमवरून वाद घालू नको. तिला सेवाग्रामच्या बापूंची गोष्ट सांग. गांधीजींनी 1912 साली दूध सोडलं. 1918-19 च्या मोठ्या आजारपणात डॉक्टरांनी गळ घातली तेव्हा, व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती म्हणून, त्यांनी शेळीचं दूध घेतलं. पण शब्द पाळला आणि त्यामागचा भाव मोडला, ही टोचणी त्यांना लागून राहिली, आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. व्रत हे ज्याचं त्याच्या मनाशी असतं, किती ग्रॅमवर मोडलं हे दुसऱ्याने मोजायचं नसतं, हे आपल्या भागातल्या बाईला वेगळं समजवावं लागत नाही. आणि न कळत खाल्लेल्या त्या सहा महिन्यांच्या बिस्किटांचं ओझं तूही उतरव.

तिच्या काळजीत एक भाग मात्र खरा आहे. दूध, दही पूर्ण सोडलं की बी12 जीवनसत्त्व मिळण्याची आपल्या शाकाहारी ताटातली मोठी वाट बंद होते. डाळी, भाज्या, जवस कितीही खाल्लं तरी ते भरून निघत नाही. रक्त तपासून घे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू कर. कॅल्शियमसाठी तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या रोजच्या ठेव. आता तू विचारशील की गोळीत काय असतं. बऱ्याच गोळ्यांमध्ये भर म्हणून लॅक्टोज असतं, आणि औषधाच्या पाकिटावर ते लिहिलेलं सापडेलच असं नाही. होमिओपॅथीच्या पांढऱ्या पावडरीच्या पुड्यांत तर दुधाची साखरच असते. औषध दुकानदाराला सांगून लॅक्टोज नसलेली दुसरी कंपनी मिळते का ते बघ, बी12 ची मिळण्यासारखी आहे. पण डॉक्टरांनी दिलेलं दुसरं कोणतंही औषध, लॅक्टोज आहे म्हणून, स्वतःच्या मनाने बंद करू नको. आधी मिळेल ते घे, बरी हो, पर्याय नंतर शोधू. पाकिटाचा फोटो मला पाठव, मी वाचून सांगते.